काळ्या मातीवरचे घर

मराठी मुलखात गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. काळीत पीक घ्यावे, पांढरीत घर बांधावे, अशी ही विभागणी. शहरे वाढू लागली तशी ही सीमा पुसली गेली. कालपर्यंत कपाशी वा ज्वारी उभी असलेल्या जमिनी बिगरशेती होऊन त्यांवर बंगले उठले आणि दोन-तीन पावसाळ्यांतच खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघू लागले. दोष बहुधा गवंड्याला वा सिमेंटला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा गुन्हेगार पायाखाली असतो.

दख्खनच्या पठारावरील काळी माती, म्हणजेच रेगूर, ही मुख्यत: बेसॉल्ट खडकाच्या विघटनातून तयार झाली. तिच्यातील चिकणमातीच्या अंशात माँटमोरिलोनाइट हे खनिज मोठ्या प्रमाणात असते. या खनिजाची रचना पुस्तकाच्या पानांसारखी आहे. अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांना बांधून ठेवणारी शक्ती क्षीण असते. पाणी मिळताच ते या पानांमध्ये शिरते, पाने दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि जमिनीला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. या भेगांतून पुढच्या पावसाचे पाणी थेट खोलवर पोचते आणि फुगण्याचे चक्र पुन्हा सुरू होते.

अशी माती वर उचलताना जो दाब देते, तो एकमजली घराच्या भारापेक्षा अधिक असू शकतो. म्हणूनच या मातीचा त्रास उंच इमारतींपेक्षा बैठी घरे, कुंपणाच्या भिंती, रस्ते आणि कालव्यांची अस्तरे यांना अधिक होतो. उंच इमारतीचा पाया बहुधा खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला असतो. बंगल्याचा मात्र दीड-दोन मीटरवर थांबतो. शिवाय घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली राहून तिच्यातील ओल फारशी बदलत नाही, तर कडेची माती ऋतूगणिक फुगते आणि आकसते. कडा वरखाली होतात, मध्य जागीच राहतो. वीटकामाला हे वाकणे सोसत नाही.

माती किती फुगीर आहे, हे कळण्यासाठी एक चाचणी आहे, आणि ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. भारतीय मानक २७२०, भाग ४० (१९७७) मध्ये ती दिलेली आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती काचेच्या एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये ठेवतात. रॉकेलने ही माती फुगत नाही. किमान २४ तासांनी दोन्हींचे आकारमान वाचतात. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात २० भरले, तर मुक्त फुगवटा १०० टक्के. तो ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नसते. १०० टक्क्यांच्या पुढे गेल्यास नेहमीच्या पद्धतीचा उथळ पाया धोक्याचा ठरतो. फरशीच्या रंगावर आठवडा घालवणारे घरमालक या चाचणीसाठी क्वचितच आग्रह धरतात.

उपाय आहेत, आणि ते याच देशात विकसित झालेले आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने 'अंडर-रीम्ड' खांबांच्या पायावर पायाभूत काम केले. जमिनीत खोदलेल्या या काँक्रीटच्या खांबाला तळाशी कंदासारखा फुगवटा असतो, त्याचा व्यास साधारणपणे खांबाच्या अडीच पट. जाड काळ्या थरात खांब किमान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा बदल त्याखाली सहसा जाणवत नाही. वरची माती खांबाला उचलू लागली तरी हा कंद त्याला खाली धरून ठेवतो. जोत्याची तुळई आणि जमीन यांत थोडी पोकळी सोडणेही आवश्यक असते; ती राहिली नाही तर माती तुळईलाच ढकलते.

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी निराळा मार्ग दाखवला. न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर काळ्या मातीवर दाबून बसवला तर खालचा फुगवटा बराच आटोक्यात राहतो. कर्नाटकातील मलप्रभा कालव्याच्या कामाशी हे संशोधन जोडलेले आहे. रस्त्यांच्या कामात चुना मिसळून मातीचा फुगीरपणा कमी करतात. काळी माती काढून मुरूम भरण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी पाणी वाहून जाण्याची सोय नसेल तर मुरमाने भरलेला हा खड्डा हौदासारखा पाणी साठवतो आणि भोवतालची माती अधिकच भिजते.

आधीच बांधलेल्या घराच्या बाबतीत पाण्याची शिस्त हाच मोठा आधार. भिंतीभोवती बाहेर उतार असलेला रुंद पक्का पट्टा, न गळणारी सांडपाण्याची नळी आणि मोठी झाडे भिंतीपासून दूर. तडे बुजवण्याची घाई मात्र करू नये. मे महिन्यात रुंदावलेल्या तड्यात घट्ट सिमेंट भरले, तर पावसाळ्यात भिंत पूर्वस्थितीला येऊ पाहते, तेव्हा तिला तेवढी जागा उरत नाही. मग नवा तडा शेजारीच उघडतो.