पराभवानंतर पक्ष पुन्हा उभा कसा राहतो? : १९८४ चा धडा



पिंगुळीत येऊन दशावतार कुणाला समजावून सांगायला नको. दशावतारी नटाबद्दल आपल्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. राजकीय पक्षांचंही तसंच असतं. आज मला त्या सकाळबद्दल बोलायचं आहे. परंपरा जपू पाहणारा पक्ष निवडणूक हरला, तर तो पुन्हा उभा कसा राहतो? मी कुणाच्या प्रचाराला आलेलो नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा प्रश्नाची फोड करणं एवढंच मला जमतं.

उदाहरण जवळचंच घेऊ. डिसेंबर १९८४ ची लोकसभा. इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक. काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्षाला मिळाल्या फक्त २, एक गुजरातेत मेहसाणा, दुसरी आंध्रात हनमकोंडा. महाराष्ट्रात एकही नाही. खुद्द अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून हरले.

हरलेला माणूस पहिल्यांदा काय म्हणतो? लाट होती हो, आमचं काय चुकलं! लाट होतीच, ते नाकारायचं कारण नाही. पण मग आपला राजापूर मतदारसंघ बघा. त्याच लाटेत इथून मधु दंडवते निवडून आले, तेही विरोधी पक्षाचे. बॅरिस्टर नाथ पै यांच्यापासून इथे समाजवाद्यांचं काम रुजलेलं होतं. म्हणजे लाट सगळीकडे सारखी लागत नाही. मुळं खोल असली तर झाड टिकतं. म्हणून 'लाट होती' हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही. हे ज्याला कळतं, त्याचीच पुढची वाट सुरू होते.

भाजपने १९८५ मध्ये कृष्णलाल शर्मा यांच्या नेतृत्वाखाली एक कार्यगट नेमला. वाजपेयींनी प्रश्न मुळालाच घातला होता : १९७७ साली जनसंघ जनता पक्षात विलीन केला, ते चुकलं का? आणि १९८० साली बाहेर पडलो, ते चुकलं का? उत्तर आलं की दोन्ही निर्णय बरोबर होते, मात्र विचाराचा पाया पक्का हवा. १९८० साली स्वीकारलेला गांधीवादी समाजवाद हळूहळू मागे पडला आणि दीनदयाळ उपाध्यायांनी १९६५ साली मुंबईच्या व्याख्यानांतून मांडलेला एकात्म मानववाद पुन्हा पुढे आला. १९८६ मध्ये लालकृष्ण अडवाणी अध्यक्ष झाले.

पण नुसत्या विचाराने मतं मिळत नाहीत. महाराष्ट्रात हा पक्ष 'शेटजी-भटजींचा' म्हणून ओळखला जायचा. वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर, वंजारी या समाजांकडे लक्ष दिलं. त्यालाच पुढे 'माधव' सूत्र म्हणू लागले. गोपीनाथ मुंडे, अण्णा डांगे, ना. स. फरांदे ही माणसं त्यातून पुढे आली. मुंडे स्वतः १९८५ ला रेणापूरमधून पडले होते, आणि दहा वर्षांनी तेच उपमुख्यमंत्री झाले! शिवसेनेशी युती झाली ती १९८९ साली. विधानसभेतले आकडे बघा : १९८५ ला १६, १९९० ला ४२, १९९५ ला ६५.

आता उलट उदाहरण. राजाजी, मिनू मसानी यांचा स्वतंत्र पक्ष. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा, म्हणजे जनसंघाच्या ३५ हून जास्त. १९७१ ला दोघेही आपटले : जनसंघ २२ वर, स्वतंत्र ८ वर. जनसंघ टिकला, स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये भारतीय लोकदलात मिसळून गेला. स्वतंत्रकडे विद्वान होते, संस्थानिक होते, उद्योगपती होते. गावोगाव बैठक मांडणारा कार्यकर्ता मात्र नव्हता. हरल्यावर सतरंज्या उचलायला कोण थांबतं, हाच खरा प्रश्न असतो.

तिसरा मार्ग इंग्लंडमधला. १९४५ मध्ये चर्चिल महायुद्ध जिंकून निवडणूक हरले. त्यांच्या हुजूर पक्षात रॅब बटलर यांनी १९४७ साली नवं औद्योगिक धोरण मांडून कामगारांच्या बऱ्याच मागण्या मान्य केल्या. उमेदवाराने पक्षाला किती पैसे द्यायचे यावरही मर्यादा आली, म्हणजे थैलीवाल्यालाच तिकीट असं राहिलं नाही. १९५१ ला पक्ष सत्तेत परतला. त्यांनी विरोधकांचं जे पटलं ते घेतलं. नाव आणि परंपरा आपलीच ठेवली.

आता मला छळणारा प्रश्न. भाजपची वाढ नुसत्या संघटनेने झाली असं म्हणणं अर्धसत्य होईल. जून १९८९ चा पालमपूर ठराव, अयोध्येचं आंदोलन हेही त्यात आलं. त्याच वर्षी लोकसभेत २ च्या ८५ जागा झाल्या. पण त्याच वाटेवर ६ डिसेंबर १९९२ आहे, मुंबईची दंगल आहे. जो पक्ष म्हणतो की समाजाची जुनी वीण जपायची, त्यानेच उभं राहताना ती वीण किती ताणायची? कुणी म्हणेल, दुसरा इलाज नव्हता. मला ते पटत नाही; भागवतांचं काम आणि बटलरांचं काम हाही इलाजच होता, फक्त सावकाश चालणारा.

इथल्या ठाकर समाजातल्या चित्रकथी कलावंतांकडे पिढीजात पोथ्या आहेत. पोथी जुनी असते, समोरचा प्रेक्षक नवा असतो. सांगणारा चित्र तेच दाखवतो, पण ऐकणाऱ्याला कळेल असं सांगतो. हरलेल्या पक्षाने, मग तो कुठलाही असो, आधी एवढं ठरवावं : पोथीतलं काय ठेवायचं, आणि ती कुणाकुणाला ऐकवायला जायचं.

उरलेलं तुमच्या प्रश्नांतून बोलू.