निःस्वार्थ कोणाला म्हणावे?

पाठ्यपुस्तकांत थोर व्यक्तींचे धडे असतात. त्यांतला नायक बहुधा निःस्वार्थ असतो. तो घरदार सोडतो, हालअपेष्टा सोसतो, प्रसंगी प्राणही देतो. धड्याखालच्या प्रश्नांमध्ये 'त्याग' हा शब्द हमखास येतो. पण जितका त्याग मोठा तितका माणूस निःस्वार्थ, हे माप बरोबर आहे का? चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचा इतिहास तपासून आपण याचे उत्तर शोधू या.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म 1914 सालचा, हिंगणघाटचा. जमीनदार घराण्यातला हा मुलगा पुढे वकील झाला आणि वरोऱ्याला वकिली करू लागला. तेव्हा या जिल्ह्याला चांदा जिल्हा म्हणत. मैला वाहणाऱ्यांचे जिणे समजून घ्यावे म्हणून आमट्यांनी ते काम स्वतः करून पाहिले. त्याच काळात एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम त्यांच्या नजरेस पडला. कुष्ठरोगाने त्याचे शरीर पार झडलेले होते. आमटे घाबरले आणि तिथून पळाले. मग परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण आपण घाबरलो ही गोष्ट आमट्यांना छळत राहिली. कुष्ठरोगाचे काम आपण कोणावर उपकार करायला घेतले नाही, स्वतःतली भीती घालवायला घेतले, असे ते पुढे स्वच्छ सांगत. म्हणजे सुरुवातीलाच आपल्या व्याख्येला तडा जातो. इथे 'स्व' आहेच.

आता थोडे या रोगाकडे वळू. 1873 साली नॉर्वेतील बर्गन येथे गेऱ्हार्ड हॅन्सन यांना रुग्णांच्या गाठींमध्ये कांडीच्या आकाराचे जंतू दिसले. कुष्ठरोग हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, तो आनुवंशिकही नाही, तो जंतूंमुळे होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पण ते सिद्ध कसे करायचे? रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीनुसार तो जंतू शरीराबाहेर वाढवावा लागतो आणि निरोगी प्राण्याला टोचून तोच रोग झालेला दाखवावा लागतो. कुष्ठाचा जंतू इथे अडून बसतो. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर तो आजतागायत वाढवता आलेला नाही. आतड्यातला साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठाच्या जंतूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात.

या अडचणीपायी 1879 मध्ये हॅन्सन यांनी एक गैर गोष्ट केली. एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, त्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला. 1880 मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. त्यांचा हेतू ज्ञानाचा होता, पैशाचा नव्हता. तरी त्यांनी दुसऱ्याचे शरीर आपल्या कामासाठी न विचारता वापरले.

सत्तर वर्षांनी हाच प्रश्न आमट्यांसमोर आला. कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला ते कलकत्त्याच्या 'स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन'मध्ये गेले होते. जंतू वाढवायला माणसाचे शरीर हवे होते. आमट्यांनी स्वतःचे शरीर देऊ केले. त्यांना जंतू टोचण्यात आले. रोग झाला नाही.

धड्यात शोभावा असा हा प्रसंग आहे. पण विज्ञानाच्या अंगाने पाहिले तर त्यातून सिद्ध काय झाले? फारसे काही नाही. सुमारे 95 टक्के माणसांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, हे आज आपल्याला माहीत आहे. शिवाय लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही वर्षे, कधी कधी वीस वर्षेही लागतात. एका माणसाला रोग झाला नाही, एवढ्यावरून नियम सांगता येत नाही. पुढे 1960 मध्ये उंदराच्या पावलात आणि 1971 मध्ये आर्माडिलो या प्राण्यात हे जंतू वाढवता आले, तेव्हा संशोधनाची वाट मोकळी झाली. त्याग कितीही मोठा असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. तरीही हॅन्सन आणि आमटे यांच्यातला फरक उरतोच. एकाने जोखीम न विचारता दुसऱ्यावर टाकली, दुसऱ्याने ती आपल्या अंगावर घेतली.

मग आमट्यांचे खरे मोठेपण कशात शोधायचे? आमच्या मते ते वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सापडते. 1951 मध्ये तिथे आनंदवन सुरू झाले. सोबत साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरुग्ण होते. या रोगावर डॅप्सोन हे औषध तेव्हा नुकतेच मिळू लागले होते. पण औषधाने जंतू मरतात, समाजाची भीती मरत नाही. बरा झालेला माणूसही गावात परत जाऊ शकत नव्हता. त्याच्यापुढे भीक मागण्यावाचून मार्ग नव्हता.

आनंदवनाने त्याच्या हाती कुदळ दिली. हे सोपे नव्हते. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. चटका, काटा, फोड काहीच कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटे जातात. अशा हातांना जपत, अवजारे सांभाळून वापरत रुग्णांनी विहिरी खणल्या, शेती केली, घरे बांधली. आणि 1960 च्या दशकात याच माळावर महाविद्यालय उभे राहिले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, त्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या वास्तूत गावातली मुले शिकायला येऊ लागली. दया माणसाला दुबळे करते, काम त्याला उभे करते, ही आमट्यांची धारणा इथे प्रत्यक्षात आलेली दिसते.

शेजारच्या गडचिरोलीतही याला पुष्टी मिळते. हा जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या 'आरोग्यदूत' घरोघरी जाऊन करू लागल्या. 39 गावांत हे काम झाले. तिथे 1993 ते 95 या काळात हजारी 62 नवजात बाळे दगावत होती. 1997-98 मध्ये ते प्रमाण सुमारे 25 वर आले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मरणारी बाळे वाचली ती कोणा एकाच्या बलिदानाने नव्हे. जे ज्ञान डॉक्टरांपाशी अडकून होते, ते त्यांनी वाटून टाकले म्हणून वाचली.

तेव्हा माप बदलायला हवे. नायकाने काय सोडले, याआधी पाहावे की त्याच्यामुळे इतरांना काय करता येऊ लागले. ज्याच्यावाचून काम थांबते तो कितीही त्यागी असला तरी त्याने लोकांना आपल्यावर अवलंबून ठेवलेले असते. बाबा आमटे 2008 मध्ये गेले, त्यानंतरही आनंदवनाचे काम चालू राहिले.

काम मात्र संपलेले नाही. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा 1898 चा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 पर्यंत कायद्यात होते. या दोन्ही जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. बहुविध औषधोपचाराने ते पूर्ण बरे होतात, पण रोग लपवला तर हात-पाय गमावतात. फिकट, बधिर चट्टा दिसला तर दवाखान्यात जायचे, हे वर्गात सांगणे आपल्या हाती आहे. आणि थोरांचा धडा शिकवताना नेहमीच्या प्रश्नांत एक भर घालता येईल: विहीर खणणारे ते पहिले सहाजण कोण होते? त्यांची नावे बहुतेक धड्यांत नसतात. ती का नसतात, यावर वर्गात चर्चा झाली तर 'निःस्वार्थ' या शब्दाचा अर्थ मुलांना व्याख्येपेक्षा अधिक नीट कळेल.