सामता ते एअरोटर

दाताच्या दवाखान्यातल्या ट्रेमध्ये छोटा आरसा असतो, टोकदार प्रोब असतो, चिमटा असतो, कीड खरवडायचा एक्सकॅव्हेटर असतो. यांतल्या कशाचंच फारसं भय वाटत नाही. भय वाटतं ते खुर्चीशेजारी नळीला जोडून ठेवलेल्या यंत्राचं. डॉक्टर मंडळी त्याला एअरोटर म्हणतात. त्याच्या टोकाला बसवलेला बारीक बर मिनिटाला साधारण तीन लाख वेळा फिरतो आणि माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, म्हणजे दातावरचं एनॅमल, काही क्षणांत कापतो. त्या आवाजाने अंगावर काटा येतो हे खरं. पण या यंत्राची वंशावळ मागे मागे तपासत गेलं की दिसतं ते वेगळंच. रुग्णाचा त्रास कमी कसा होईल, या एका प्रश्नाने त्याला सर्वांत मोठं वळण दिलं आहे.

या घराण्याचा सर्वांत जुना ज्ञात पूर्वज आपल्याच उपखंडातला आहे. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ नावाचं नवाश्मयुगीन गाव होतं. तिथल्या दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या एकूण अकरा दाढा अशा सापडल्या, की ज्यांना मुद्दाम भोकं पाडलेली होती. काळ आजपासून सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं. भोकांचा व्यास १.३ ते ३.२ मिलिमीटर, खोली अर्ध्यापासून साडेतीन मिलिमीटरपर्यंत. दाढा मागच्या, सहज न दिसणाऱ्या. त्यामुळे हे नटण्यासाठी केलं असण्याची शक्यता कमी. काही दाढांवर किडीच्या खुणा आहेत. भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे कोरून घेतल्यानंतरही ही माणसं जगली आणि त्याच दाढांनी जेवली.

हे ज्यांना साधलं त्यांच्याकडे हत्यार तयारच होतं. मेहरगढचे कारागीर मणी बनवत. दगडी मण्याला आरपार भोक पाडायचं तर गारगोटीचं टोक काडीला बसवायचं, काडीला कमानीची दोरी गुंडाळायची आणि कमान पुढेमागे ओढायची. आपले सुतार सामता चालवतात, त्यामागचं तत्त्व हेच. संशोधकांनी असं हत्यार बनवून पाहिलं, तेव्हा एनॅमलमध्ये तसं भोक पडायला एक मिनिटही लागलं नाही. ही विद्या तिथे सुमारे दीड हजार वर्षं टिकली. नंतरच्या काळातल्या दफनभूमीत दात किडलेले आहेत, पण कोरलेला एकही नाही.

त्यानंतर जगाच्या मोठ्या भागात दातदुखीचा दोष दातातल्या अळीवर टाकला गेला. धुरी देऊन, मंत्र घालून अळी पाडणारे वैदू आणि भोंदू सगळीकडे होते. या समजुतीला ठाम विरोध केला तो पॅरिसच्या पिएर फोशार याने. १७२८ साली त्याचा दंतशस्त्रक्रियेवरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही अशी अळी आपल्याला दिसली नाही, असं त्याने सांगितलं. रुग्णाला जमिनीवर न बसवता हाताच्या खुर्चीत बसवावं, हा आग्रहही त्याचाच. त्याच्या हत्यारांतही कमानीने फिरवायचं ड्रिल होतं. हजारो वर्षं लोटली तरी फिरवण्याची युक्ती तीच होती.

खरी अडचण हाताची होती. दोन्ही हात यंत्र फिरवण्यात गुंतले तर गाल कोण बाजूला धरणार? आणि मागच्या दाढेपर्यंत कमान पोहोचणार कशी? १७९० साली अमेरिकेत जॉन ग्रीनवुडने आईचा पायाने चालणारा चरखा घेतला आणि त्यावर ड्रिल फिरवलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळ्या बनवणारा दंतवैद्य तो हाच. कल्पना उत्तम होती, पण त्याच्या दवाखान्याबाहेर ती पसरली नाही. इतर दंतवैद्य पुढची कित्येक दशकं बोटांच्या चिमटीत बर धरून फिरवत राहिले. १८६४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज फेलोज हॅरिंग्टनने चावीचं ड्रिल काढलं. एकदा चावी दिली की ते सुमारे दोन मिनिटं चाले.

चित्र पालटलं ते १८७१ साली. जेम्स मॉरिसन या अमेरिकी दंतवैद्याने पायटा दाबून चालवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शिलाई मशीनसारखं पाय हलवत राहायचं, चाकाची गती दोऱ्या-कप्प्यांवरून हातात धरायच्या हँडपीसपर्यंत जायची, आणि हात कामाला मोकळा. यंत्र परवडणारं होतं, म्हणून ते झपाट्याने पसरलं. किडका भाग काढून खड्ड्याला नेमका आकार देणं आता रोजच्या कामात शक्य झालं आणि दात उपटण्याऐवजी भरण्याकडे कल वाढला. चारच वर्षांनी, १८७५ साली, मिशिगनमधल्या जॉर्ज ग्रीनने विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. पण घरोघरी वीज नव्हती आणि बॅटऱ्या जड होत्या. विजेला दवाखान्यात रुळायला पुढची काही दशकं लागली.

वीज आली, वेग वाढला, आणि एक नवी भिंत उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे यंत्र मिनिटाला काही हजार फेरे घेई. पोलादी बर कठीण एनॅमलवर बोथट होई, म्हणून जोर लावावा लागे. जोराने घर्षण वाढे, दात तापे, आणि आतली नस त्या उष्णतेने दुखावे. त्याहून वाईट होता तो हादरा. कवटीपर्यंत पोहोचणारी ती घरघर ज्यांनी अनुभवली, त्यांच्याकडूनच ड्रिलची दहशत पुढच्या पिढ्यांकडे आली. १९०५ पासून नोव्होकेनचं इंजेक्शन उपलब्ध होतं. त्याने वेदना बधिर होई, हादरा मात्र तसाच राही.

इथे या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस येतो. जॉन पॅट्रिक वॉल्श हा न्यूझीलंडमधल्या डनिडिनच्या दंतविद्यालयाचा प्रमुख. त्याने हादऱ्याचाच अभ्यास केला: कंपनं किती वेगाची असली म्हणजे रुग्णाला त्यांचा त्रास होतो? कंपनांची वारंवारता पुरेशी वाढली की माणसाला ती जाणवणं कमी होतं, असं त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे त्रास कमी करायचा तर यंत्र सावकाश नव्हे, कितीतरी जास्त वेगाने फिरवायला हवं. पट्टे-कप्प्यांना तो वेग झेपणारा नव्हता. म्हणून त्याने दाबाखालच्या हवेने फिरणारं टर्बाइन थेट हँडपीसच्या डोक्यात बसवण्याचा मार्ग धरला आणि १९४९ साली पेटंट मिळवलं. पुढे वॉशिंग्टन शहरातल्या जॉन बोर्डनने १९५७ साली एअरोटर बाजारात आणला आणि फेरे अडीच-तीन लाखांवर गेले. मूळचं हे एका उत्पादनाचं नाव आपल्या डॉक्टरांच्या तोंडी आजही आहे.

या यंत्राचं मर्म त्याच्या हलकेपणात आहे. आतलं चक्र इवलंसं असतं, ताकद फार नसते. दाबून धरलं तर ते मंदावतं. त्यामुळे डॉक्टरांना ते दातावर अलगद टेकवावंच लागतं. टंगस्टन कार्बाइडचे आणि हिऱ्याची पूड लावलेले बर कापण्याचं काम करतात, आणि सोबत पाण्याचा फवारा दाताला गार ठेवतो. पाणी आलं म्हणून ते शोषणारी सक्शनची नळी आली, नळी धरायला मदतनीस आले, रुग्ण आडवा झाला आणि उभ्याने काम करणारे डॉक्टर स्टुलावर बसले. आजच्या दवाखान्याची मांडणीच या वेगाने घडवली. नसेच्या जवळची मऊ कीड काढताना मात्र जाणते डॉक्टर आजही कमी वेगाचं ड्रिल किंवा एक्सकॅव्हेटर हाती घेतात.

वॉल्शने विचारलेला प्रश्न पुढे यंत्राच्याही पलीकडे गेला. १९८०च्या दशकात टांझानियात, जिथे वीज नव्हती तिथे, ड्रिलशिवाय केवळ हातातल्या हत्यारांनी कीड काढून सिमेंट भरण्याची पद्धत आकाराला आली. १९९४च्या जागतिक आरोग्यदिनी जागतिक आरोग्य संघटनेने ती जगापुढे ठेवली. आपल्याकडे वाडी-वस्तीवरच्या आणि शाळांमधल्या शिबिरांसाठी हा मार्ग फार मोलाचा आहे. तिथे किडलेली दाढ बहुतेकदा उपटली जाते, कारण ती वाचवण्याची सोय जवळ नसते.

आजचं यंत्र पूर्वीच्या कुठल्याही यंत्रापेक्षा कमी वेळ घेतं आणि कमी हादरे देतं, तरी आजीच्या वेळची भीती ऐकूनच कित्येक जण दवाखाना टाळतात. खड्डा लहान असेपर्यंत ड्रिलचं काम थोडंच असतं, कधी त्याची गरजही पडत नाही. टाळत गेलं की तेच काम नसेपर्यंत पोहोचतं. म्हणून भीती वाटत असेल तर ती खुर्चीत बसतानाच डॉक्टरांना सांगावी, आणि त्रास झाला की हात वर करून थांबवावं. रुग्णाला काय जाणवतं हे विचारल्यामुळेच हे यंत्र सुधारलं आहे. ते सांगायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.