नॉर्मंडीतील छत्रीधारी सैनिक व वाहतूक विमानांचा मागोवा

दुसऱ्या महायुद्धात ५-६ जून १९४४च्या रात्री अमेरिकेच्या ८२व्या व १०१व्या हवाई डिव्हिजनचे सुमारे १३,००० छत्रीधारी सैनिक फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात उतरविण्यात आले. त्यासाठी सी-४७ जातीची ८००हून अधिक वाहतूक विमाने वापरली गेली. हे विमान भारतात ‘डाकोटा’ या नावाने परिचित आहे. ढग, विमानविरोधी तोफांचा मारा आणि अंधार यांमुळे विमानांच्या रांगा विस्कळीत झाल्या व सैनिक नियोजित जागांपासून दूरवर विखुरले. त्यामुळे कोण कोठे उतरला, कोण मारला गेला आणि कोण विमानातून उडी घेऊच शकला नाही, हे ठरविणे पुढे दीर्घ संशोधनाचा विषय बनले.

नोंदींची पद्धत

एका विमानातून उडी घेणाऱ्या साधारण १५ ते १८ सैनिकांच्या तुकडीस ‘स्टिक’ म्हणत. प्रत्येक विमानाला मोहिमेपुरता एक क्रमांक देऊन तो विमानाच्या अंगावर खडूने लिहीत. यावरून त्याला ‘चॉक क्रमांक’ हे नाव पडले. कोणत्या विमानात कोण बसले याची यादी केली जाई. विमान परतल्यास त्यातील सैनिकांनी उडी घेतली असे सामान्यतः मानता येई व शोध जमिनीवर सुरू होई. विमान न परतल्यास ‘बेपत्ता विमान अहवाल’ तयार होई. १९४३पासून रूढ झालेल्या या अहवालात विमानाचा व इंजिनांचा अनुक्रमांक, विमानातील व्यक्तींची नावे, शेवटचे ज्ञात स्थान आणि प्रत्यक्षदर्शींची निवेदने असत.

विमान क्रमांक ६६

५०६व्या पॅराशूट पायदळ रेजिमेंटच्या ‘ई’ कंपनीचे प्रमुख लेफ्टनंट थॉमस मीहन यांचे विमान इंग्लंडमधील अपॉटरी तळावरून निघाले होते. तोफांचा मारा बसल्यावर ते रांगेबाहेर वळले. त्याचे उतरण्याचे दिवे लागलेले शेजारच्या विमानातून दिसले. परंतु शेताच्या झुडपी बांधावर आदळून त्याचा स्फोट झाला. ब्यूझव्हिल-ओ-प्लँ या खेड्याजवळ झालेल्या या अपघातात १७ सैनिक व ५ वैमानिक कर्मचारी असे सर्व २२ जण मरण पावले. मीहन यांचे काय झाले हे कंपनीला लगेच कळले नाही. तिचे नेतृत्व लेफ्टनंट रिचर्ड विंटर्स यांनी सांभाळले.

आगीमुळे मृतदेह वेगवेगळे ओळखता न आल्याने मीहन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अवशेषांचे अमेरिकेतील जेफरसन बॅरॅक्स राष्ट्रीय दफनभूमीत एकत्र दफन करण्यात आले. अवशेष एकमेकांपासून वेगळे करता आले नाहीत, तरी विमानातील यादीमुळे प्रत्येकाचे नाव टिकून राहिले. खेड्यात त्यांचे स्मारक आहे.

विमानांचा शोध

दोन दिवसांच्या मोहिमेत ४२ सी-४७ विमाने नष्ट झाली. वाचलेल्यांपैकी अनेक विमाने युद्धानंतर विकली गेली व मालक, रंग आणि नोंदणी बदलत राहिल्याने त्यांचा इतिहास विस्मृतीत गेला. लेफ्टनंट कर्नल जॉन डोनाल्सन यांचे ‘दॅट्स ऑल, ब्रदर’ हे मुख्य हवाई ताफ्याचे अग्रणी विमान याचे उदाहरण होय. डोनाल्सन यांच्यावर संशोधन करताना अमेरिकी हवाई दलाचे इतिहासकार मॅट स्केल्स यांना ४२-९२८४७ या अनुक्रमांकावरून या विमानाचा माग लागला. ते विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे टर्बोप्रॉप विमानात रूपांतरित होण्याच्या प्रतीक्षेत उभे होते. ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ या संस्थेने ते विकत घेऊन दुरुस्त केले. २०१८मध्ये ते पुन्हा उडाले आणि २०१९मध्ये, मोहिमेच्या ७५व्या स्मृतिदिनानिमित्त, नॉर्मंडीवर गेले.

सद्यस्थिती

दुसऱ्या महायुद्धातील ७०,०००हून अधिक अमेरिकी सैनिकांचा अद्याप ठावठिकाणा लागलेला नाही. सापडलेल्या अवशेषांची ओळख पटविण्यासाठी आज दातांच्या नोंदींबरोबरच आप्तांच्या डीएनए नमुन्यांशी तुलना केली जाते. मात्र तुलना कोणाशी करायची हे ठरविण्यासाठी त्या विमानात कोण कोण होते हे आधी माहीत असावे लागते. म्हणून १९४४मधील याद्या व अहवाल आजही शोधाचा आधार आहेत.