मुक्तिसंग्रामाच्या नोंदीतल्या आया आणि लेकी

दर 17 सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते आणि 1948 ची उजळणी होते : 13 तारखेला भारतीय फौजा हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरल्या, 14 ला औरंगाबाद हाती आले, 17 ला निजाम शरण आला. फौजांची गोष्ट पाच दिवसांत आटोपते. बायाबापड्यांची लढाई मात्र वर्षभर आधी सुरू झाली होती आणि या लष्करी कारवाईनंतरही, म्हणजे पोलीस ॲक्शननंतरही, सरली नाही. कर्ता पुरुष भूमिगत झाला किंवा हद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला, की म्हातारी माणसे, गुरे, कणगीतले धान्य आणि वयात आलेली लेक, सगळे एकट्या आईच्या अंगावर पडे. कादंबरीकाराला यात भावना दिसेल. मला यात मुक्तिसंग्रामाचा कणा दिसतो. गावात मागे घर तग धरून आहे, या भरवशावरच तर कॅम्पातला माणूस लढत होता.

स्त्रियांना इतिहासाने वगळलेले नाही, असे यावर म्हटले जाईल. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके आहेत, ईटच्या गोदावरीबाई टेकाळे आहेत. आहेतच, पण त्या ध्यानात राहिल्या त्या हत्यार उचलले म्हणून, म्हणजे पुरुषांच्याच मापाने. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना पाहा. हैदराबादचा लढा तिच्यात 1985 मध्ये आला. तुरुंगवासाची अट पुरुषाला सहा महिने, स्त्रीला तीन. सवलत चांगली, पण पुरावा तोच : तुरुंग, भूमिगत जीवन, कॅम्प. आई, विधवा आणि अविवाहित मुलगी यांचाही योजनेत उल्लेख आहे, तो ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत. ज्यांनी घर जगवले त्या सरकारदरबारी पोहोचल्या त्या वारस म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आयालेकींचा इतिहास लिहायचा तर पोलीस ॲक्शननंतरच्या मुसलमान घरांतल्या बायकाही त्यात येतात, आणि मग निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे पाप धुतल्यासारखे होईल, अशी भीती दाखवली जाते. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हैदराबाद संस्थानात फिरून मृतांचा आकडा 27 ते 40 हजार धरला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. बलात्कार आणि पळवून नेलेल्या बायकांचीही नोंद तिने केली. एका विहिरीत समितीने अकरा प्रेते मोजली, त्यांत छातीशी लेकरू बिलगलेली एक बाई होती. अहवाल कित्येक दशके बासनात राहिला. आकड्यांवर वाद घालता येईल, घालावाही. पण रझाकारांनी केलेले अत्याचार या नोंदीने पुसले जात नाहीत. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्या टोळ्यांचा हिशेब त्या बायकांकडून वसूल करायचा, या न्यायाला मात्र आधार उरत नाही. शिवाय रझाकारांच्या भीतीने लेकीला घेऊन रातोरात नगर-सोलापूरकडे निघालेली आई आणि सप्टेंबरनंतर लेकीला लपवणारी आई, दोघींपुढचा प्रश्न एकच होता. दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय तो प्रश्न दिसतच नाही, आणि आपल्याकडे त्या अजून वेगवेगळ्या कपाटांत आहेत.