सांचो लेखकाला भारी पडला

कादंबरीतली माणसे लेखकाच्या मुठीत असतात, तो नाचवील तशी नाचतात, असे आपण धरून चालतो. स्पेनच्या मिगेल दे सर्व्हांतेसच्या पुस्तकात काही निराळेच घडले.

हा मूळचा शिपाईगडी. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात अधू झाला; पुढे पाच वर्षे अल्जिअर्सला कैदेत गेली. १६०५ साली माद्रिदला त्याचा ‘डॉन क्विक्झोट’ छापून निघाला. वीरकथा वाचून वाचून डोके फिरलेला एक पन्नाशीचा गृहस्थ चिलखत चढवून पराक्रमाला निघतो. पहिल्या खेपेला तो एकटाच! खाणावळीचा मालक सांगतो, अहो, वीरपुरुष बरोबर पैसे नि सेवक ठेवतात. मग कुठे सातव्या प्रकरणात शेजारचा शेतमजूर सांचो पांझा, बेटाच्या राज्याची लालूच लागून, गाढवावर बसून सोबत निघतो.

आरंभी तो नुसता भोळा, पोटाचा विचार करणारा गडी. पण मालकाशी वाद घालता घालता, म्हणी फेकता फेकता तो शहाणा होत जातो. दुसऱ्या भागात त्याला थट्टेने एका गावचा सुभेदार करतात. एक म्हातारा कर्जदार न्यायासनापुढे हातातली काठी सावकाराकडे धरायला देतो आणि शपथेवर सांगतो, पैसे फेडले. सांचो काठी मोडायला लावतो. आत दहा मोहरा! हसायला जमलेल्यांनी तोंडात बोटे घातली.

आणखी एक गंमत. पहिल्या भागाच्या पहिल्या छपाईत सांचोचे गाढव मध्येच नाहीसे होते, नि काही न सांगता परत हजर. दुसऱ्या भागात खुद्द सांचोलाच याचा जाब विचारतात. तो म्हणतो, लिहिणारा चुकला असेल, नाहीतर छापणारा!

१६१४ साली मात्र थट्टा संपली. अव्हेलानेदा असे टोपणनाव घेऊन कोणी परस्परच ‘दुसरा भाग’ छापला आणि प्रस्तावनेत सर्व्हांतेसच्या म्हातारपणाला, अधू हाताला हिणवले. त्यातला सांचो तर निव्वळ खादाड. सर्व्हांतेसने आपल्याच माणसांना साक्षीला उभे केले. १६१५ च्या खऱ्या दुसऱ्या भागात दोघे खाणावळीत उतरले असता भिंतीपलीकडून त्या खोट्या पुस्तकाचीच चर्चा कानी येते. त्यातला क्विक्झोट सारागोसाला गेला, असे कळताच खरा क्विक्झोट वाट सोडून बार्सिलोनाला जातो. इथे वाट लेखकाने बदलली की क्विक्झोटने? मला तर दुसरेच खरे वाटते.

शेवटी लेखकाने लगाम खेचला. पुन्हा कोणी चोरू नये म्हणून क्विक्झोटला शुद्धीवर आणून अंथरुणावर मरण दिले. सांचो उशाशी रडतो, विनवतो, मालक, उठा, धनगर होऊन रानात जाऊ. त्याला मात्र सर्व्हांतेसने जिवंत ठेवले.