मुलीचा शब्द आणि चेटूक

1996 साली हॉलिवूडमधून चेटकाविषयीचे दोन चित्रपट आले. मे महिन्यात अँड्र्यू फ्लेमिंगचा 'द क्राफ्ट' आणि नोव्हेंबरात निकोलस हाइटनरचा 'द क्रुसिबल'. दोन्हींत ऐन पौगंडावस्थेतल्या मुलींचा घोळका आहे, दोन्हींत वस्तीपासून दूर जाऊन केलेले विधी आहेत आणि दोन्हींत माणसे मरतात. मात्र 'द क्राफ्ट'मधल्या मुली खरोखर जादू करतात आणि त्यांचे म्हणणे कुणी मनावर घेत नाही. 'द क्रुसिबल'मधल्या मुलींना जादू मुळीच येत नाही, पण त्या ज्याच्याकडे बोट दाखवतात तो फासावर जातो. चेटूक आणि किशोरवय यांचा पडद्यावरचा संबंध उलगडायचा तर या उलटापालटीपासूनच सुरुवात करावी लागते. माझे म्हणणे असे की, या चित्रपटांत मुलीच्या हाती अलौकिक शक्ती येते ती तिच्या शब्दाला किंमत उरलेली नसते तेव्हा. ज्या मुलीची साक्ष ग्राह्य धरली जाते, तिला चेटकाची गरज पडत नाही.

आधी इतिहास. 1692च्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम व्हिलेज या वस्तीत सॅम्युअल पॅरिस या धर्मोपदेशकाच्या घरी त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि भाची अबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. अबिगेलचे वय अकराच्या आसपास. पुढे बारा वर्षांची अ‍ॅन पटनम आणि पटनमांकडे काम करणारी अनाथ मर्सी लुइस यांची भर पडली. प्युरिटन घरात अशा मुलींनी काम करायचे, प्रार्थना म्हणायची आणि गप्प राहायचे. त्याच मुलींचे बोलणे आता कोर्टात टिपून घेतले जाऊ लागले. अमकीची आकृती रात्री आली आणि तिने मला चिमटे काढले, असे मुलीने सांगितले की पुरावा झाला. ती अमकी त्या वेळी स्वतःच्या घरी झोपलेली होती, हा बचाव निरुपयोगी, कारण आरोप तिच्या देहावर नव्हता, तिच्या छायेवर होता. चौदा बायका आणि पाच पुरुष फासावर गेले. जाइल्स कोरी या वृद्धाने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, तेव्हा त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारण्यात आले. छायेचा हा पुरावा 1693च्या जानेवारीत नव्या न्यायालयाने अमान्य केला आणि खटले कोसळले. अ‍ॅन पटनमने 1706 साली चर्चमध्ये जाहीर माफी मागितली.

अर्थात सेलमच्या सगळ्याच मुली फिर्यादीच्या बाजूला नव्हत्या. मार्गारेट जेकब्स या किशोरवयीन मुलीवर आरोप झाला. तिने घाबरून कबुली दिली, स्वतःच्या आजोबांचे नाव घेतले आणि मग ती कबुली मागे घेतली. आजोबा तरीही फासावर गेले. दुसऱ्याला अडकवणारा तिचा शब्द कोर्टाने आधीच उचलला होता. मागे घेतलेल्या शब्दाला तेवढी किंमत मिळाली नाही. चित्रपटवाल्यांनी या मुलीकडे फारसे लक्ष दिलेले नाही, याचे मला नवल वाटते.

आर्थर मिलरने 1953च्या 'द क्रुसिबल' या नाटकात अबिगेलचे वय सतरा केले, साठीच्या जॉन प्रॉक्टर या आरोपीला पस्तिशीत आणले आणि दोघांत एक प्रकरण रचले. 1996च्या चित्रपटाची पटकथाही त्याचीच. मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्टविरोधी चौकशांवर बोलायचे असल्याने त्याला सदसद्विवेक जागा असलेला एक प्रौढ पुरुष हवा होता, हे समजू शकते. पण त्यापायी मुलींच्या बोलण्याला अचानक आलेले वजन हा मूळ चमत्कार बाजूला पडला आणि उरली ती झिडकारलेल्या मुलीची असूया. अबिगेल झालेली विनोना रायडर जीव ओतून काम करते, तरी भूमिकेचा हा संकोच तिलाही भरून काढता येत नाही.

आता वर्गीकरण. अलौकिक चित्रपटांतल्या मुली ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिली झपाटलेली. 'द एक्झॉर्सिस्ट'मधली (1973) बारा वर्षांची रेगन या जातीची. तिच्या तोंडून दुसराच कुणी बोलतो, म्हणून ती आपल्या विषयाच्या कडेला राहते. दुसरीच्या अंगात जन्मजात शक्ती असते. तिसरी विद्या म्हणून, साधना म्हणून चेटूक शिकते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारांची सरमिसळ सतत होते, पण मुलगी स्वतः कर्ती असते ही अट दोन्हींत समान.

ब्रायन डी पाल्माचा 'कॅरी' (1976) दुसऱ्या प्रकाराचा नमुना. काटेकोर बोलायचे तर कॅरीला चेटूक येत नाही, तिला वस्तू मनाने हलवता येतात. ती शाळेच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तके चाळते आणि आपल्याला काय होते आहे याचे उत्तर शोधते. आई मात्र एका शब्दात निकाल लावते: ही चेटकीण आहे, ही सैतानाची शक्ती आहे. शास्त्रीय खुलासा मुलीकडे आणि चेटकाचा आरोप आईकडे, ही मांडणी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटाला पुष्कळ उंचीवर नेते. समीक्षक न्हाणीघरातल्या पहिल्या पाळीच्या प्रसंगाविषयी भरभरून लिहितात. मला त्यानंतरचा मुख्याध्यापकांच्या खोलीतला छोटा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते गृहस्थ सहानुभूती दाखवत तिला कॅसी, कॅसी म्हणत राहतात. अखेर ती ओरडून आपले खरे नाव सांगते आणि टेबलावरचा राखदाणा उडून पडतो. स्वतःचे नाव दुरुस्त करून घेण्यासाठीही तिला शक्ती वापरावी लागते.

शेवटच्या नृत्यसमारंभात डुकराचे रक्त अंगावर पडल्यावर कॅरीला सगळे सभागृह हसताना दिसते. प्रत्यक्षात बहुतेक जण सुन्न झालेले असतात. तिची बाजू घेणारी व्यायामाची शिक्षिका हसत नसते, पण कॅरीच्या डोळ्यांना तीही हसताना दिसते आणि तीही मरते. इथे डी पाल्मा निष्ठुर होतो: जिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तिचाही आता कुणावर विश्वास उरलेला नाही आणि तिने पाहिलेलेही खोटे ठरते.

तिसऱ्या प्रकाराचा मापदंड म्हणजे 'द क्राफ्ट'. लॉस एंजेलिसमधली कॅथलिक शाळा, चार मुली. सारा सॅन फ्रान्सिस्कोहून नवी आलेली. ख्रिस नावाचा मुलगा तिच्याविषयी घाणेरडी अफवा उठवतो आणि सगळी शाळा ती खरी मानते. बॉनीच्या पाठीवर भाजल्याचे व्रण. रोशेल कृष्णवर्णीय, तिला तोंडावर वंशद्वेषी टोमणे ऐकावे लागतात आणि एकही मोठा माणूस मध्ये पडत नाही. नॅन्सी दारू पिणाऱ्या आईबरोबर आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र बापाबरोबर ट्रेलरमध्ये राहते. यांतली एकही तक्रार अलौकिक नाही. शाळेत कुणी ऐकणारे असते, तर चौघींपैकी निदान दोघींचे मंत्र अनावश्यक ठरले असते.

विधी खरे वाटावेत म्हणून निर्मात्यांनी पॅट डेव्हिन या आधुनिक चेटूकधर्म मानणाऱ्या विकन पंथाच्या सल्लागार बाईंची मदत घेतली होती. 'मॅनॉन' हे दैवत मात्र चित्रपटासाठी मुद्दाम रचलेले, म्हणजे थिएटरातून बाहेर पडलेली पोरे खऱ्या दैवताला आवाहन करत बसणार नाहीत. चित्रपटाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळाले. परिणामी सतरा वर्षांखालच्या मुलींना, म्हणजे जवळजवळ नायिकांच्याच वयाच्या प्रेक्षकांना, थिएटरात मोठे माणूस सोबत न्यावे लागे.

पूर्वार्धात चौघींच्या इच्छा पुऱ्या होतात, उत्तरार्धात किंमत मोजावी लागते. केलेले तिपटीने परत येते, हा नियम साराला जादूच्या सामानाची दुकानदार लिरिओ बजावते. पण किंमत सगळ्यांना सारखी लागत नाही आणि इथे या चित्रपटाचे पितळ उघडे पडते. साराची शक्ती मृत आईकडून वारशाने आलेली आहे, म्हणून ती शेवटी टिकते. बॉनी आणि रोशेल निष्प्रभ होतात. नॅन्सीने शक्ती मागून घेतलेली. ती मनोरुग्णालयात खाटेला बांधलेली दिसते, आपण उडत आहोत असे ओरडत. घरंदाज मुलीकडे विद्या शोभते, ट्रेलरमधल्या मुलीकडे ती वेड ठरते, असा हा निवाडा आहे. फेरूझा बाल्कने नॅन्सी इतकी जिवंत केली आहे की चित्रपट पाहणारे शेवट विसरतात आणि नॅन्सीला लक्षात ठेवतात.

रॉबर्ट एगर्सचा 'द विच' (2015) पुन्हा न्यू इंग्लंडमध्ये येतो, सेलमच्या सुमारे साठ वर्षे आधीच्या काळात. त्यातले बरेचसे संवाद त्या काळच्या नोंदींतून घेतले आहेत, असे चित्रपटाच्या अखेरीस सांगितले जाते. वस्तीतून हद्दपार झालेले एक कुटुंब रानाच्या कडेला राहते. थोरली मुलगी थॉमसिन. आईचा चांदीचा पेला नाहीसा होतो. बापाने तो सापळ्यांसाठी परस्पर विकलेला असतो, पण आई थॉमसिनला दोष देते तेव्हा बाप गप्प बसतो. एवढा एक प्रसंग मला अख्ख्या चित्रपटाची किल्ली वाटतो. तिच्या वतीने खरे बोलायला एकच माणूस समर्थ होता, त्याने ते योग्य वेळी केले नाही. लहान बहिणीला भिववण्यासाठी थॉमसिन थट्टेत स्वतःला चेटकीण म्हणवते; तीच थट्टा पुढे पुरावा म्हणून समोर येते. उलट ती जे कळकळीने सांगते ते सारे बिनमोलाचे. एगर्स तिला निव्वळ बळीही ठरवत नाही, कारण कोंडीत सापडल्यावर तीही जुळ्या भावंडांवर तोच आरोप करते.

सेलमच्या खटल्यांत सैतानाच्या वहीत सही केल्याचा आरोप वारंवार येतो. 'द विच'मध्ये ती वही खरोखर पुढे येते. थॉमसिनला स्वतःचे नाव लिहिता येत नाही, तेव्हा तिचा हात धरून लिहवून घ्यायची तयारी दाखवली जाते. तुला काय हवे, हा प्रश्न तिला त्या घरात कुणी विचारलेला नसतो. तो पहिल्यांदा विचारतो तो सैतान.

यावर नेहमीचा आक्षेप असा: हे सगळे वयात येण्याचे रूपक आहे, बदलत्या शरीराची भीती आहे, एवढेच पुरे. हे खोटे नाही, पण ढिले आहे. शरीर सगळ्यांचेच बदलते. एकाच शाळेत, एकाच वयात शक्ती कॅरीलाच का आणि तिला छळणाऱ्या ख्रिस हार्गेन्सेनला का नाही, याचे उत्तर रूपकवाले देत नाहीत. ख्रिसला कादंबरीत वकील बाप आहे, मित्र आहेत, आवाज आहे.

मराठी वाचकाला या मांडणीची दुसरी बाजू ओळखीची वाटेल. मराठवाड्यात भानामतीच्या प्रकरणांचा छडा लावताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना वारंवार आढळले की, कपडे पेटवणारी किंवा दगड टाकणारी व्यक्ती घरातलीच असते, मानसिक ताणाखाली असते आणि तो ताण बोलून दाखवायला तिला जागा नसते. तिला बाजूला घेऊन तिचे ऐकून घेतले की प्रकार थांबतात. 2013चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा तर अमुक माणूस करणी करतो असे पसरवणे हाच गुन्हा मानतो. म्हणजे सेलममध्ये जो शब्द पुरावा ठरला, तो इथे अपराध ठरतो.

मुलग्यांचे चित्रपट हा सिद्धान्त उलट्या बाजूने तपासून देतात. रेनी हार्लिनच्या 'द कव्हेनंट'मध्ये (2006) मॅसॅच्युसेट्समधल्याच जुन्या घराण्यांतल्या पोरांना तेराव्या वर्षी शक्ती मिळते आणि अठराव्या वर्षी ती पूर्ण होते, वडिलोपार्जित जमीन नावावर व्हावी तशी. वापरली की आयुष्य झिजते, तरी तिची व्यसनासारखी चटक लागते. त्यांच्या बोलण्यावर कुणाचा अविश्वास आहे म्हणून ही शक्ती आलेली नाही. साहजिकच चित्रपटात भांडायला मारामारीखेरीज काही उरत नाही. तो कंटाळवाणा आहे तो याचमुळे.

आणि जिचा शब्द मानला जातो, त्या मुलीच्या चेटकाचे काय होते? हायाओ मियाझाकीच्या 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'मध्ये (1989) तेरा वर्षांची किकी प्रथेप्रमाणे घर सोडून समुद्राकाठच्या शहरात येते, आपण चेटकीण आहोत असे सरळ सांगते आणि लोक ते मान्य करतात. बेकरीवाली तिला खोली देते. ती उडत जाऊन पार्सले पोचवते. तिची विद्या मध्येच आटते ती थकव्याने आणि एकटेपणाने; पाप, शाप, तिप्पट फेड यांचा त्यात संबंध येत नाही आणि तिच्यामुळे कुणाचा केसही वाकडा होत नाही. हिचा शब्द पहिल्या दिवसापासून चालतो, म्हणून हिच्या चेटकाला सूड घ्यावा लागत नाही आणि ते पोटापाण्याचा धंदा होऊ शकते.